एकच तर रक्त

ओजसच्या जागल्यानं वर्दी दिली तेव्हा शर्वरी मलकापूर फाट्यावरच्या आपल्या बॅटरी केंद्रात एका रिक्षावाल्याशी हुज्जत घालत होती. त्याचं म्हणणं, काल बदलून नेलेली बॅटरी वाठारच्या अलीकडेच बसली. हिचं म्हणणं, तिघांच्या रिक्षात अख्खं वऱ्हाड कोंबलं तर बॅटरीच काय, बैलसुद्धा बसेल. बाई तोंडाची तिखट होती, पण भांडता भांडता बॅटरी बदलूनही देत होती, म्हणून फाट्यावर तिचं बरं चाललं होतं. तेवढ्यात फोनवर भावाचं नाव आलं.

ओजस सहसा फोन करायचा नाही. उसावर औषध फवारणारी ड्रोन चालवायचा तो. दिवसभर कुठल्या ना कुठल्या बांधावर उभा. करमेना झालं की ताईला काहीतरी खोडसाळ निरोप पाठवायचा. आज त्याचा आवाज अगदी सरळ होता, आणि शर्वरीनं रिक्षावाल्याला हातानंच थांबवलं. तो म्हणाला, जागल्या बोललाय, पण डॉक्टर मुजावर मॅडमनी मला नाही, आधी तुला बोलावलंय.

"मला कशाला? मी काय पेशंट आहे?"

"मीही तेच विचारलं. तर म्हणाल्या, ताईंनाच पाठव."

आता ज्यांच्या घरात लहान पोराला कॅन्सर झालेला नाही त्यांना जागल्या ठाऊक असायचं काही कारण नाही, आणि कधी ठाऊक होऊही नये. लहानपणचा कॅन्सर बरा होतो. बरा झाला की लोक पेढे वाटतात, नवस फेडतात आणि दवाखान्याची वाट विसरतात. पण ज्या जहाल औषधांनी रोग मारला ती जाताना घरात काहीबाही मोडून गेलेली असतात. कुणाचं हृदय वीस वर्षांनी थकतं, कुणाची हाडं ठिसूळ होतात, कुणाला मूल होत नाही, तर एखाद्याच्या अंगात भलत्याच ठिकाणी दुसराच कॅन्सर उगवतो. म्हणून अशा पोरांनी जन्मभर तपासायला यायचं असतं. येतं कोण? पोरगा नोकरीला लागतो, पोरगी सासरी जाते, आणि धडधाकट दिसणाऱ्या माणसाला दवाखान्यात न्यायचं म्हणजे मांजराला अंघोळ घालायची. शेवटी शास्त्रज्ञांनी कंटाळून तपासणीच माणसाच्या अंगात बसवली. गळ्याच्या हाडाखाली, तांदळाच्या दाण्याएवढी.

आपल्या पेशी रोज मरतात आणि त्यांच्या डीएनएचे बारीक तुकडे रक्तातून वाहत राहतात. हा दाणा ते तुकडे वाचत बसतो. ओळखीचा तुकडा दिसला की सोडून देतो. अनोळखी दिसला आणि पुन्हा पुन्हा दिसायला लागला की दवाखान्याच्या तपासणी केंद्राला कळवतो. हृदय किती जोरानं रक्त ढकलतंय, तेही बघतो. पूर्वी गावात रात्री फिरणारा जागल्या असायचा आणि गावातला प्रत्येक चेहरा त्याला पाठ असायचा. केंद्रातल्या कुठल्याशा नर्सनं दाण्याला तेच नाव दिलं आणि ते चिकटलं.

ओजसला पाचव्या वर्षी रक्ताचा कॅन्सर झाला होता. बरा होऊन उलटला, तेव्हा त्याच्या हाडांतली सगळी मज्जा औषधांनी जाळून टाकली आणि तिथं आठ वर्षांच्या शर्वरीची मज्जा भरली. मज्जा म्हणजे रक्ताचा कारखाना. तेव्हापासून ओजसच्या अंगात धावतं ते शर्वरीचं रक्त. आणि हे नुसतं बोलायला नव्हे. आजही त्याचं रक्त प्रयोगशाळेत दिलं तर ते बाईचं निघतं. यावरून मित्रांनी कॉलेजात त्याला कमी छळलं नव्हतं.

डॉक्टर नझरीन मुजावर पन्नाशीच्या, मोजकं बोलणाऱ्या. गोड बोलून वाईट बातमी द्यायची त्यांना सवय नव्हती. त्यांनी शर्वरीला समोर बसवलं आणि सरळ मुद्द्याला हात घातला. मज्जेत असंख्य पेशी रक्त बनवत असतात. एखादीच्या डीएनएत चूक होते आणि ती बाकीच्यांपेक्षा जरा जोमानं वाढते. शेतात हरळीची एक काडी राहून जावी तसं. एका चुकीनं फारसं बिघडत नाही. पुष्कळ म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या रक्तात ती सापडते. दुसरी चूक झाली की हरळी पसरायला लागते, आणि तिसरीनंतर तिला कॅन्सर म्हणायचं. ओजसच्या रक्तात दुसरी चूक झाली होती. जागल्यानं हाक दिली ती या दुसरीसाठी.

"आणि पहिली? ती त्याला कशी नाही दिसली?"

डॉक्टरांनी चष्मा काढला. "दिसली. पण ती त्याला परकी वाटली नाही. कारण ती तुमच्या नमुन्यातही आहे."

मग त्यांनी समजावून सांगितलं. नव्या जागल्याला आधी घरची माणसं दाखवावी लागतात, नाहीतर तो सगळ्यांवरच भुंकेल. ओजसची मज्जा बहिणीची, म्हणून बहिणीचं रक्त हा त्याच्या जागल्याचा मूळ नमुना. त्या नमुन्यात जे जे सापडेल ते घरचं, त्याच्यावर ओरडायचं नाही. त्यात ही पहिली चूक होती. म्हणजे ती शर्वरीच्याच मज्जेत जन्मली आणि मज्जेबरोबर भावाच्या अंगात गेली, असाच अर्थ निघत होता. शर्वरीच्या अंगात ती अजून असणार. सव्वीस वर्षांत तिनं काय केलं असेल, ते बघायला हवं होतं.

ओजसला यातून काढायचं तर एकच रस्ता होता. जुनी मज्जा पुन्हा जाळायची आणि नवी, स्वच्छ भरायची. परक्या माणसाची मज्जा अंगाशी भांडते, आणि ओजसचं अंग आधीच एकदा होरपळलेलं. तंतोतंत जुळणारी बहीण हीच त्याची आशा, आणि आता तीच बाद व्हायच्या बेतात होती. डॉक्टरांनी शर्वरीचं ताजं रक्त घेतलं. आशा धरू नका, एवढं मात्र त्यांनी स्पष्ट सांगितलं.

शर्वरी घरी आली ती रागातच. रडू नंतर आलं, आधी आला राग. जन्मभर त्या घरात पेशंट एकच होता आणि ही धडधाकट. शाळेत चक्कर येऊन पडली तरी आईचं पालुपद ठरलेलं: तुला काय झालंय? पहिली फळं ओजसला, खिडकीची जागा ओजसला, आईची झोप ओजसला. वर दर भाऊबीजेला उलटा प्रकार. त्या घरात भाऊ बहिणीला ओवाळायचा. आईनंच तसं ठरवून टाकलं होतं. म्हणायची, तिनं तुला रक्त दिलं, तू तिला काय ओवाळणी घालणार? ओजस बिचारा निमूट तबक घेऊन उभा राहायचा. मोठा बाप्या झाला, मिशा आल्या, तरी ओवाळत होता. शर्वरीला त्याची लाजही वाटायची आणि, खरं सांगायचं तर, आवडायचंही. घरात तिच्या वाट्याला आलेला तेवढा एकच मान होता तो.

आणि आता कळत होतं की जीव दिला म्हणून ज्याच्याकडून ओवाळून घेतलं, त्याच्या अंगात मरणाचं बी पण आपणच पेरलं. तिनं हे यशोधनला, म्हणजे नवऱ्याला, असंच्या असं सांगितलं. यशोधन तंत्रनिकेतनात शिकवायचा. कुठलीही गोष्ट पुन्हा मोजून बघितल्याशिवाय मान्य करायची नाही, हा त्याचा स्वभाव. तो म्हणाला, ताजा रिपोर्ट येऊ दे. एवढं बोलून तो उठला आणि इराची वेणी घालायला बसला. पोरीची वेणी त्याला कधीच जमत नसे. तिनं ओरडून घर डोक्यावर घेतलं, तरी तो उलगडून पुन्हा पुन्हा घालतच राहिला. आपल्यालाही हेच होणार असेल तर ही पोर किती मोठी होईपर्यंत आपण असू, हा हिशेब तिच्या मनात येऊन गेला. त्याच्याही मनात तोच चालला असणार, हेही तिला कळलं.

रिपोर्टाची वाट बघण्याचे ते दिवस कसे गेले ते विचारू नये. फाट्यावर तिनं कुणाशी भांडण केलं नाही, तर गिऱ्हाइकंच घाबरली.

रिपोर्ट आला आणि डॉक्टरांनी स्वतः फोन केला. शर्वरीचं रक्त स्वच्छ होतं. पहिली चूक नाही, दुसरी नाही, काही नाही. त्यांनी दोनदा तपासून घेतलं होतं.

यशोधनला काय आनंद झाला. त्यानं शर्वरीला उचललं, इराला उचललं, आणि लगेच सासूबाईंना फोन लावला: आई, शर्वरीचं रक्त चांगलं निघालं, ओजसला मज्जा देता येणार. पलीकडून आईनं देवाचं नाव घेतलेलं स्वयंपाकघरापर्यंत ऐकू आलं. आता हा फोन जरा धीर धरून केला असता तर बरं झालं असतं. पण चांगली बातमी घेऊन गप्प बसणारा माणूस अजून जन्मायचाय.

इकडे शर्वरीच्या कानाला लागलेल्या फोनवर डॉक्टरांचा आवाज मात्र मोकळा नव्हता. त्या म्हणाल्या, हे असं होत नाही. जुन्या नमुन्यात जी चूक आहे ती नव्यात आपोआप पुसली जात नाही. तो मूळ नमुना तुम्ही कधी दिला होता, आठवतंय का?

शर्वरीला वाटलं लहानपणी, मज्जा दिली तेव्हाचा असेल. डॉक्टर म्हणाल्या, छे, जागल्या बसवला त्या वर्षीचा. आठ वर्षांपूर्वीचा.

आठ वर्षांपूर्वी शर्वरीचं लग्न झालं होतं. त्या वर्षी तिनं बांगड्या भरल्या, मेंदी काढली, पाय दुखेपर्यंत आहेर घेतले. पण रक्त दिल्याचं तिला काही केल्या आठवेना.

तिनं आईला गाठलं. आई, अश्विनीबाई, ब्लाऊज शिवायच्या. साठी उलटली तरी मशीन सुटलं नव्हतं. नवरा गेल्यावर तर तेवढाच आवाज घरात उरला होता. आई आज खुशीत होती. शर्वरीनं नमुन्याचं विचारताच तिनं पायडलवरचा पाय काढला आणि हसायलाच लागली. अगं, ती तर गंमतच झाली होती, म्हणाली.

गंमत अशी. केंद्राची डबी घरी आली ती नेमकी हळदीच्या दिवशी. बोटाला टोचायचं, चार थेंब कागदावर टिपायचे आणि दारात थांबलेल्या माणसाकडे डबी परत द्यायची. ओजसला जागल्या बसवायचा दिवस ठरलेला, त्यामुळे नमुना तेव्हाच हवा होता. आणि शर्वरी तर आत पाटावर, डोक्यापासून पायापर्यंत हळदीनं माखलेली. आईनं साफ सांगितलं, हळद लागलेल्या अंगाला सुई लावायची नाही आणि रक्त काढायचं नाही, हा अपशकुन मी दारात येऊ देणार नाही. तो माणूस अडून बसला. मावश्या, आत्या, सगळ्या आईच्या बाजूनं. तेव्हा ओजस पुढं आला. म्हणाला, आणा ती डबी इकडं, माझं तरी कुठं माझंय? त्यानं आपलं बोट टोचलं, ताईच्या नावाच्या कागदावर चार थेंब टिपले आणि डबी देऊन टाकली.

"डॉक्टरच म्हणाले होते ना, आता याचं रक्त म्हणजे तिचंच रक्त?" आई म्हणाली. "मग बिघडलं काय? एकच तर रक्त."

शर्वरीला आता आठवलं. बाहेरून ओजस ओरडला होता, ताई, तुझं रक्त पाठवलं गं. सगळ्या बायका हसल्या होत्या. तीही हसली होती, हळदीचे हात वर धरून, नाकावरची माशी कशी हाकलावी या विवंचनेत.

तिला सगळं एकदम कळलं. ती चूक ओजसच्याच अंगात उगवली होती, मज्जा भरल्यानंतर केव्हातरी, नव्या रानात रोपांना झपाट्यानं वाढावं लागतं त्या धांदलीत. बहिणीच्या रक्तात ती कधी नव्हतीच. खरा नमुना गेला असता तर जागल्यानं पहिल्याच दिवशी बोंब ठोकली असती. पण त्याला दाखवताना चोरालाच घरचा माणूस म्हणून दाखवला होता. मग आठ वर्षं तो चोर त्याच्या डोळ्यांदेखत ये-जा करत राहिला आणि इमानी जागल्या त्याला रामराम घालत राहिला. प्रयोगशाळेला संशय यायचं काही कारण नव्हतं. तेव्हा नुसत्या रक्तपेशीच तपासत, आणि ओजसच्या रक्तपेशी सगळ्या बाईच्या.

आई तिच्याकडे बघत होती. काय झालं गं, तोंड का उतरलं, असं तिनं विचारलं. शर्वरीनं काही नाही म्हटलं. आई पुन्हा मशीनवर बसली आणि गुणगुणायला लागली. तिच्या लेखी प्रश्न सुटला होता.

तसं म्हटलं तर अजून काही हातचं गेलं नव्हतं. शर्वरीची मज्जा स्वच्छ होती, जुळणारी होती, आणि ती द्यायला एका पायावर तयार होती. तिनं डॉक्टरांना जाऊन डबीची हकिगत सांगितली. डॉक्टर मुजावर रागावल्या नाहीत, त्यांनी ती ओजसच्या कागदांत लिहून घेतली. मग म्हणाल्या, आता ओजसचं हृदय बघू. लहानपणी त्याला दिलेलं ते लाल औषध हृदयाला सोसत नाही. गेल्या तीन वर्षांत जागल्या सांगतच होता की जोर कमी होतोय. गोळ्या चालू होत्या. पण मज्जा जाळायची औषधं म्हणजे हृदयाची खरी परीक्षा. ताण देऊन तपासल्याशिवाय ते कळणार नव्हतं.

तपासणीला शर्वरी बरोबर गेली. ओजसला पट्ट्यावर चालवलं, औषध टोचून हृदयाची गती वाढवली, पडद्यावर त्याचं हृदय उघडं-मिटताना दिसत होतं. दमला तरी तो त्या तंत्रज्ञ मुलीला हसवत होता. म्हणाला, नीट बघा, आत बाईचं रक्त आहे, म्हणून लाजतंय. शर्वरीला त्या मुलीचं हसणं मध्येच थांबलेलं दिसलं. काही विचारायची गरजच उरली नाही.

डॉक्टरांनी दोघांना बसवलं. हृदयाला हे झेपणार नाही, असं त्या म्हणाल्या. मज्जा पुरती जळायच्या आधीच हृदय थांबेल. सौम्य औषधांची पद्धत आहे, तीही यांना झेपणार नाही. कृत्रिम पंप बसवावा तर रक्त हे असं, जखम भरायची नाही. म्हणजे इकडे आड तिकडे विहीर. हरळी दाबून ठेवायच्या गोळ्या देता येतील. त्यांनी दोन वर्षं मिळतात, कधी जास्त. बाकी जागल्या आहेच, तो रोजची खबर देत राहील.

"आणि हे तेव्हाच कळलं असतं तर?" शर्वरीनं विचारलं. "आठ वर्षांपूर्वी?"

ओजस म्हणाला, "ताई, सोड ना."

पण तिनं सोडलं नाही, आणि डॉक्टरांना खोटं बोलता येत नव्हतं. "तेव्हा त्याचं हृदय चांगलं होतं," त्या म्हणाल्या.

केंद्रातून निघून दोघं संगमावरच्या बागेत जाऊन बसली. कृष्णा-कोयनेला पाणी बेताचंच होतं. पोरं पतंग उडवत होती, भेळवाला दोनदा येऊन गेला. शर्वरी इतकी संतापली होती की तिला कुणावर संतापावं ते सुचत नव्हतं. शेवटी तिनं आईला धरलं. म्हणाली, मी आज जाऊन तिला सांगणार आहे. त्या हळदीचं, त्या अपशकुनाचं, सगळं सांगणार आहे. जन्मभर तिचंच ऐकलं आपण. कळू दे तिला.

ओजसनं तिला बोलू दिलं. तो लहानपणापासून असाच होता. दुसऱ्याचं रडणं संपेपर्यंत थांबायचं त्याला दवाखान्यानं शिकवलं होतं.

"काय सांगशील?" तो म्हणाला. "तुझ्या हळदीपायी पोरगा जाणार, असं? ताई, मी गेल्यावर तिला त्या घरात एकटीनं राहायचंय. मशीनवर बसून ती दुसरं काय करेल, सांग."

"मग काय, काहीच बोलायचं नाही?"

"बोट माझं होतं. कुणी धरून टोचलं नव्हतं. हौस माझीच."

यावर शर्वरीला म्हणायचं होतं की मीही हसले होते. तिनं त्याचा हात घट्ट धरला. या हातात आपलंच रक्त आहे, आणि ते पुन्हा देण्याइतकं आपल्याजवळ भरपूर आहे, चांगलं आहे, वाहून चाललंय नुसतं, असं तिला वाटलं, आणि ती भर बागेत हमसून हमसून रडली. भेळवाल्यानं लांबूनच पाहिलं आणि तो दुसऱ्या बाजूला निघून गेला.

काही दिवसांनी आईनं शर्वरीला घरी जेवायला बोलावलं. यशोधननं दिलेली बातमी आईजवळ होती. त्यानंतरची कुणी दिलेली नव्हती. ओजसनं तेवढं सांगितलं होतं की अजून तपासण्या चालू आहेत. तिला तेवढं पुरलं. ज्या बाईनं एकदा पोरगा यमाच्या दारातून परत आणला, तिला दुसऱ्या खेपेची भीती वाटत नाही. रस्ता माहितीचा असतो.

शर्वरी आत आली तर स्वयंपाकघरात पाय ठेवायला जागा नव्हती. परातीत डिंक तळून ठेवलेला, खारकांची पूड, खोबऱ्याचा कीस, खसखस, गूळ. एका डब्यात लाडू वळून भरले होते, दुसरा अर्धा झाला होता. आईनं शिवणकामाची सगळी गिऱ्हाइकं परत पाठवली होती. तिनं शर्वरीला पाटावर बसवलं, पुढ्यात बिटाची कोशिंबीर, पालकाची भाजी, नाचणीची भाकरी आणि लाडवांची ताटली ठेवली, आणि स्वतः समोर मांडी घालून बसली. शर्वरीच्या आयुष्यात पहिल्यांदाच आई ओजसच्या आधी तिला वाढत होती.

"माझं लक्षच नसतं तुझ्याकडं," आई म्हणाली. "किती वाळलीस. असं चालायचं नाही आता. मज्जा द्यायची म्हणजे अंगात काही हवं का नको?"

शर्वरीनं ओजसकडे पाहिलं. तो दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. त्यानं काही खूण केली नाही. सांगायचं तर आताच सांगावं लागणार होतं. आई समोर होती, हात गुळानं चिकट झालेले, चेहरा असा उजळलेला की तिचं वयच कळू नये. शर्वरीनं तोंड उघडलं.

"कधी आहे गं?" आईनं विचारलं. "तारीख दिली का त्यांनी?"

"दिवाळीनंतर," शर्वरी म्हणाली.

"म्हणजे वेळ आहे." आईनं समाधानानं मान हलवली आणि एक लाडू उचलून तिच्या हातात दिला. तिनं तो तोंडात घातला. लाडू खमंग झाला होता. आई बघत होती, म्हणून तिनं तो चावून चावून गिळला.

ओजस पुढं आला आणि त्यानं ताटलीकडे हात केला. आईनं त्याच्या हातावर चापट मारली.

"तुझ्यासाठी नाहीत ते. तिनं खाल्ले म्हणजेच तुला लागणार."

"बरं बाई," ओजस म्हणाला आणि हात मागं घेऊन बहिणीशेजारी भुईवर बसला. आईनं दुसरा लाडू शर्वरीच्या हातात ठेवला, आणि ती खाते की नाही ते बघत राहिली.